माणूस पाहून गोधडी कशी शिवावी

मी पहिली गोधडी सासूबाईंसाठी शिवली आणि ती त्यांनी एकदाही पांघरली नाही. गोव्यात डिचोलीतील आमच्या घरात दमट रात्री पंखा पहाटेपर्यंत चालतो, आणि मी मात्र घाटावरच्या मावशीकडे लहानपणी पाहिलेली सहा थरांची जड गोधडी मनात धरून तशीच शिवली होती. सासूबाईंनी तिचे कौतुक केले, घडी घालून पेटीत ठेवली आणि दोन वर्षांनी पेटी उघडली तेव्हा आतल्या थरांना बुरशीचा वास लागलेला होता. त्यानंतर मी घरच्यांसाठी आणखी सहा गोधड्या शिवल्या, त्या सगळ्या आज वापरात आहेत, आणि मधल्या काळात जे चुकत गेले व जे हळूहळू जमत गेले ते येथे क्रमाने लिहीत आहे. शिवणकामाचा फारसा अनुभव नसलेल्या व्यक्तीलाही हे काम जमते, कारण गोधडीचा मुख्य टाका साधा धावदोराच असतो.

काही घरांत गोधडीला वाकळ म्हणतात, आणि तान्ह्या बाळासाठी केलेल्या लहान गोधडीला दुपटे. या लेखात गोधडी म्हणजे सुती कापडाचे थर एकमेकांवर ठेवून हाताने शिवलेले अंथरूण किंवा पांघरूण, एवढाच अर्थ धरला आहे. कापूस भरलेल्या रजईचे तंत्र वेगळे आहे. आपल्या हवेत कापूस ओला झाला की लवकर वाळत नाही आणि धुतल्यावर त्याच्या गाठी होतात, म्हणून मी तो वापरत नाही.

१. कापडाआधी माणूस पाहा

कपाट उघडून साड्या काढण्यापूर्वी एक वही घ्या आणि ज्याच्यासाठी गोधडी शिवायची त्याच्याबद्दल काही प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. सर्वांत पहिला प्रश्न असा, की ही गोधडी अंथरायची आहे की पांघरायची? अंथरायच्या गोधडीला चार-पाच थर लागतात, ती थोडी जाडच असावी लागते आणि तिची रुंदी गादीएवढी पुरते. पांघरायची गोधडी गोव्यात तीन थरांपेक्षा जाड करू नये, आणि तिला गादीच्या दोन्ही बाजूंनी हातभर जास्त रुंदी हवी. माझी पहिली गोधडी या एका प्रश्नावर फसली.

पुढचे प्रश्न तेवढेच साधे आहेत. ती व्यक्ती पंख्याखाली झोपते की वातानुकूलित खोलीत? रात्री किती वेळा उठते? गोधडी हाताने धुतली जाणार की यंत्रात? ती घरातच राहणार की प्रवासाला जाणार? माझे सासरे रात्री दोनदा उठतात, म्हणून त्यांची गोधडी मी लांबीला मुद्दाम कमी ठेवली, जेणेकरून ती पायांत अडकून ते पडू नयेत, आणि मळकट हिरव्या रंगाच्या गोधडीला पांढरी रुंद कड लावली, ज्यामुळे मंद उजेडातही तिची कड कुठे संपते ते त्यांना दिसते. धाकटे दीर तारवटी आहेत. जहाजावरच्या केबिनमध्ये कपडे वाळवायला जागा थोडी आणि विमानातल्या सामानाला वजनाची मर्यादा, त्यामुळे त्यांच्यासाठी दोन थरांची, बॅगेत चपटी बसणारी लहान गोधडी केली. पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या पुतणीची गोधडी यंत्रातच धुतली जाणार हे ठाऊक होते, म्हणून तीत रेशमाचा किंवा हाताने चिकटवलेल्या नाजूक तुकड्यांचा विचारच केला नाही.

यानंतर आवडीकडे वळा. येथे घाई करू नका, कारण आपण स्वतःची आवड दुसऱ्याच्या गोधडीत शिवून टाकतो आणि ते लक्षातही येत नाही. आठवडाभर त्या माणसाकडे नुसते पाहा: कोणत्या रंगाचे कपडे पुन्हा पुन्हा घालतो, कोणता कप उचलतो, बाजारातून न सांगता काय आणतो. सासूबाईंना मी आधी निळा रंग आवडतो असे समजत होते, कारण त्यांच्या बहुतेक साड्या निळ्या होत्या. त्या साड्या त्यांना भेट मिळालेल्या होत्या. केसांत मात्र त्या रोज अबोलीचा वळेसर माळतात, आणि त्यांच्या दुसऱ्या गोधडीचा रंग तेथून सापडला.

२. ऋतू पाहून वेळ आखा

गोव्यात या कामाचे दोन भाग पाडावेत. कापड गोळा करणे, धुणे, वाळवणे आणि कापणे ही कामे मिरगाआधी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीपर्यंत संपवा. टाके घालण्याचे काम पावसाळ्यात करता येते, कारण तेव्हा बाहेरची कामे कमी असतात आणि बसून शिवायला निवांत दुपारी मिळतात. हा क्रम उलटा केला तर जूनमध्ये धुतलेले कापड वरून कोरडे आणि आतून दमट राहते, तेच थरांमध्ये बंद होते आणि गणेशचवथीपर्यंत त्यावर काळे ठिपके दिसू लागतात. बुरशीचे हे ठिपके नंतर सहसा निघत नाहीत.

वेळेचा अंदाज असा बांधावा. ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब गोधडीवर एकेक इंच अंतराने उभ्या ओळी शिवायच्या, तर ९० इंचांच्या साधारण ६० ओळी होतात, म्हणजे ५,४०० इंच किंवा सुमारे १३७ मीटर टाके. माझा हात तासाला अडीच-तीन मीटरच्या गतीने चालतो, त्यामुळे केवळ टाक्यांना ५० तासांच्या आसपास लागतात. रोज एक तास दिला तर हे सात-आठ आठवड्यांचे काम आहे. एखाद्या समारंभासाठी गोधडी द्यायची असेल तर हा हिशेब तारखेपासून मागे मोजून करा, आणि त्यात सणाचे दिवस धरू नका.

३. माप आणि साड्यांचा हिशेब

बाळाच्या दुपट्याला ३६ × ३६ इंच, प्रवासाच्या किंवा मांडीवर घ्यायच्या गोधडीला ४५ × ६० इंच आणि एका माणसाच्या पांघरुणाला ६० × ९० इंच ही मापे सोयीची पडतात. ज्येष्ठांच्या गोधडीची लांबी त्यांच्या खांद्यापासून टाचेपर्यंत टेपने मोजून ठरवा, कोष्टकावरून नको.

साडेपाच मीटरची साडी म्हणजे सुमारे २१६ इंच, आणि तिचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच असतो. म्हणजे ४५ × ६० ची गोधडी करायची असेल तर एका साडीतून मध्ये जोड न देता पूर्ण तीन थर निघतात. ६० × ९० साठी मात्र पन्हा पुरत नाही. तेव्हा साडीचे ९० इंच लांबीचे दोन तुकडे करावेत, एका थरासाठी एक अख्खा तुकडा घ्यावा आणि उरलेली १५ इंचांची रुंदी दुसऱ्या तुकड्याच्या पट्टीने भरून काढावी. एका तुकड्यातून अशा तीन पट्ट्या निघतात. या हिशेबाने तीन साड्यांमध्ये चार थर बसतात, आणि पांघरायच्या गोधडीच्या आतला व खालचा असे दोन थर दोन साड्यांत सहज होऊन कडेसाठीही कापड उरते. वरचा नक्षीचा थर याहून वेगळा मोजायचा. आतल्या थराचे जोड शिवण्याची गरज नसते, ते अर्धा इंच एकमेकांवर चढवून ठेवले की टाके त्यांना धरून ठेवतात. खालचा थर मात्र नीट शिवून घ्यावा.

४. कापड मागून घ्या

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानते. गोधडीत कुणाची तरी साडी, कुणाचा सदरा, कुणाचे परकर-पोलके जाणार असते, आणि ते कापड जुने झाले म्हणजे ते कोणाचे उरले नाही असे होत नाही. माझे वडील गेल्यानंतर आईसाठी त्यांच्या सदऱ्यांची गोधडी करावी असे माझ्या मनात आले, आणि तिला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून मी न विचारता कपाटातून पाच सदरे आणून कापले. त्यातील एकाच्या खिशावर शाईचा डाग होता. आई तो सदरा मुद्दाम न धुता ठेवत होती, हे मला कापून झाल्यावर कळले. ती मला काहीच बोलली नाही, पण तो खिसा मी आजही परत जोडू शकत नाही.

म्हणून नियम असा ठेवा, की हयात माणसाचे कापड त्याला दाखवून घ्यायचे आणि गेलेल्या माणसाचे कापड त्याच्या सर्वांत जवळच्या व्यक्तीला विचारून घ्यायचे. भावंडे असतील तर सर्वांना एकत्र विचारा आणि प्रत्येकासाठी थोडे कापड बाजूला काढा, नाहीतर गोधडी एकाच्या घरी जाते आणि बाकीच्यांच्या हाती काहीच राहत नाही. शिवाय एक कपडा कायम अख्खा ठेवा. प्रौढ माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यातून साडेसहा इंचांचे वीसच्या आसपास चौकोन निघतात, त्यामुळे पाच-सहा सदरे एका गोधडीला पुरतात, सगळेच कापायची गरज पडत नाही.

घरात लाल चौकड्यांची जुनी हातमागाची कुणबी साडी असेल तर ती कापण्याआधी थांबा. ही साडी गोव्याच्या वस्त्रपरंपरेचा ठेवा आहे, आणि ती पुन्हा वापरात यावी यासाठी वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी मोठे काम केले. चांगल्या स्थितीतील साडी जशी आहे तशी जपावी, आणि ती फाटलेलीच असेल तर तिच्या काठाची एखादी पट्टी गोधडीच्या मधोमध सन्मानाने लावावी.

५. कापड पारखा आणि धुवा

घरातील कापड सुती आहे असे आपण गृहीत धरतो, पण बऱ्याच साड्यांत कृत्रिम धागा मिसळलेला असतो आणि असा थर अंगाला घाम आणतो. पारख करण्यासाठी कडेचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर, पाणी जवळ ठेवून, काडीने पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राखाडी राख सोडतो. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. बाजारातून नवे कापड घेतानाही दुकानदाराच्या शब्दावर न थांबता नमुन्याचा तुकडा मागून घरी हीच परीक्षा करा. मला एका दुकानात शुद्ध सुती म्हणून दिलेले अस्तर अर्धे कृत्रिम निघाले होते, आणि ते कळले तेव्हा गोधडी अर्धी शिवून झाली होती.

दुसरी परीक्षा रंगाची. पांढरे फडके ओले करून गडद कापडावर जोराने घासा, मग त्याच ओल्या फडक्यावर ते कापड ठेवून गरम इस्त्री फिरवा. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड वेगळे काढा. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो असे सर्रास सांगितले जाते, पण आधीच रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. असे कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत चार-पाच वेळा धुवावे, आणि तरीही रंग सुटत असेल तर ते गोधडीत घेऊ नये. लाल आणि गडद निळ्याबाबत विशेष काळजी घ्या. माझ्या दुसऱ्या गोधडीत धोतराच्या पांढऱ्या पट्ट्या पहिल्याच धुण्यात गुलाबी झाल्या.

नवे सुती कापड धुतल्यावर आटते, जुने आटून झालेले असते. दोन्ही एकत्र वापरायची असतील तर नवे कापड आधी दोनदा धुवून कडक उन्हात वाळवा. शेवटी प्रत्येक कापड खिडकीसमोर धरून पाहा. ज्या ठिकाणी विण विरळ होऊन उजेड आरपार दिसतो तो भाग वरच्या थराला घेऊ नका, तो आतल्या थरात जाऊ द्या.

६. साहित्य

फार खर्च नाही, पण पुढील वस्तू सुरुवातीलाच जमवून ठेवा:

- चांगल्या धारेची कात्री, जी फक्त कापडालाच वापरायची
- टेप, लांब पट्टी आणि जाड पुठ्ठ्याचा कापून घेतलेला चौकोन
- लहान, बारीक पण मोठ्या नेढ्याच्या सुया, निदान दहा
- भरतकामाचा सहा पदरी सुती दोरा आणि कच्च्या टाक्यांसाठी साधी पांढरी रीळ
- बोटात घालायचे अंगुस्तान
- मधमाशीच्या मेणाचा तुकडा
- शिंपी वापरतात तो खडू किंवा अंघोळीच्या साबणाची उरलेली पातळ चकती
- इस्त्री, जुनी चादर आणि वही

सहा पदरी दोऱ्याची लडी ८ मीटरची असते. तिचे दोन-दोन पदर वेगळे केले की एका लडीतून २४ मीटर दोरा मिळतो. वरच्या हिशेबातील १३७ मीटर टाक्यांना गाठी आणि वाया जाणारी टोके धरून साधारण २०० मीटर दोरा लागतो, म्हणजे नऊ लड्या. त्या एकाच वेळी, एकाच क्रमांकाच्या घ्या, कारण पुढच्या खेपेला त्याच रंगाची छटा थोडी वेगळी येऊ शकते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोरे, काठ आणि कापडाचे उरलेले तुकडे चांगले मिळतात, आणि ओळखीच्या शिंप्याला आधी सांगून ठेवले तर तो सुती कात्रणे बाजूला काढून ठेवतो.

टाचण्या आणि सेफ्टीपिना मी या यादीत घातलेल्या नाहीत. आपल्या खाऱ्या दमट हवेत त्या आठवड्याभरात गंजतात आणि कापडावर तपकिरी डाग सोडतात. सुयाही काम संपल्यावर गोधडीत टोचून न ठेवता कोरड्या डबीत ठेवाव्यात.

७. नक्षी कागदावर आणा

वहीतील नोंदी आता उपयोगी येतात. त्या माणसाबद्दलची एकच गोष्ट निवडा आणि सगळी गोधडी तिच्याभोवती बांधा. नवशिक्याचा हात येथे हमखास सुटतो: एका कोपऱ्यात माड, दुसऱ्यात होडी, मध्ये मासळी, वर नाव, खाली वाढदिवस. गोव्याचे आहोत म्हणून प्रत्येक गोधडीत माड आणि होडी यायलाच हवी असे नाही. ज्याने आयुष्य शाळेत काढले, त्याला होडीपेक्षा वहीच्या रेघा जास्त ओळखीच्या वाटतील.

माझ्या आईची गोधडी याच विचाराने झाली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. पांढऱ्या कापडावर निळ्या दोऱ्याने मी सरळ आडव्या ओळी शिवल्या आणि डाव्या बाजूला वहीत असते तशी एक लाल उभी ओळ घातली. वडिलांच्या सदऱ्यांचे उरलेले चौकोन खालच्या बाजूने एका रांगेत लावले. एकही चित्र नसताना तिने ती पाहताक्षणी ओळखली. सासूबाईंच्या दुसऱ्या गोधडीत त्यांच्याच पांढऱ्या सुती साडीवर फक्त कडेला अबोलीच्या रंगाची, केशरी-गुलाबी दोऱ्याची तीन बोटांची पट्टी आहे, बाकी सगळी साधी. दिरांच्या गोधडीत घरच्या प्रत्येक माणसाच्या कपड्याचा एकेक तुकडा आहे, आणि जहाजावरून फोन आला की ते कधीकधी विचारतात, हा पिवळा तुकडा कोणाचा?

नक्षी चौकोनांच्या वहीवर काढा. एक चौकोन म्हणजे गोधडीचे दोन इंच असे प्रमाण ठेवले की ६० × ९० ची गोधडी ३० × ४५ चौकोनांत बसते. रंगपेटीने रंग भरून कागद चार दिवस भिंतीवर लावून ठेवा आणि जाता-येता पाहा. डोळे बारीक करून पाहिले असता गडद आणि फिक्या भागांचा तोल दिसतो. गडद रंग एका बाजूला गोळा झाले असतील तर येथेच बदला, कापड कापल्यावर ते जमत नाही.

बाळासाठी नक्षी करताना दोन गोष्टी पाळाव्यात. बटणे, आरसे, मणी, लोंबणारे गोंडे किंवा सुटणारी जर यांपैकी काहीही लावू नये. आणि एक वर्षाच्या आतील बाळाला झोपताना सैल पांघरूण देऊ नये असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे, कारण ते तोंडावर येऊन श्वास अडू शकतो. म्हणून दुपटे बाळ जागे असताना, आपल्या नजरेसमोर, जमिनीवर अंथरण्यासाठी वापरावे, आणि हे देताना आईला स्पष्ट सांगावे.

८. कापा आणि जोडा

कापडाला तीन दिशा असतात: उभा धागा, आडवा धागा आणि तिरकस. तिरकस कापलेला तुकडा ताणला जातो आणि शिवल्यावर गोधडीला पोक येतो, म्हणून चौकोनाच्या बाजू धाग्याच्या सरळ रेषेतच ठेवा. विणलेले टीशर्ट वापरायचे असतील तर त्यांच्या मागे शिंपी ज्याला फ्युजिंग म्हणतात ते पातळ चिकट अस्तर इस्त्रीने लावून मगच कापा.

शिवणीसाठी प्रत्येक बाजूला पाव इंच सोडायचा, हे मात्र विसरू नका. समजा चारी बाजूंना सहा इंचांचा साधा पट्टा धरून मधला भाग ४८ × ७८ इंचांचा आहे. त्यात सहा इंचांचे आडवे ८ आणि उभे १३, म्हणजे एकूण १०४ चौकोन बसतात, आणि ते साडेसहा इंचांचे कापावे लागतात. कोणी बरोबर सहा इंचांचे कापले तर शिवल्यावर प्रत्येक चौकोन साडेपाच इंचांचा उरतो आणि गोधडी रुंदीला चार, लांबीला साडेसहा इंच कमी भरते. सुरुवातीला पुठ्ठ्याचा साडेसहा इंचांचा चौकोन करून घेतला की ही चूक होत नाही. चौकोन आधी रांगेत जोडा, मग रांगा एकमेकींना जोडा, आणि प्रत्येक शिवण इस्त्रीने गडद कापडाच्या बाजूला दाबा.

९. थर मांडा आणि कच्चे टाके घाला

स्वच्छ पुसलेल्या, पूर्ण वाळलेल्या जमिनीवर जुनी चादर पसरा. तिच्यावर खालचा थर उलट्या बाजूने, मग आतला थर, मग नक्षीचा थर सुलट ठेवा. खालचा थर चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठा असावा. पंखा बंद करा, कारण वाऱ्याने थर हलतात. मधोमधून बाहेरच्या बाजूला हात फिरवत सुरकुत्या काढा आणि चार-चार इंच अंतराने लांब, सैल, कच्चे टाके घाला. या कामाला दोन माणसे हवीत. आमच्याकडे सासूबाई एका टोकाला बसतात आणि मी दुसऱ्या.

१०. टाके

दोरा हातापासून कोपरापर्यंत, म्हणजे दीड वीत ते दोन विती एवढाच घ्या आणि मेणावरून एकदा ओढा, म्हणजे तो गुंतत नाही. गाठ थरांच्या आत ओढून लपवा. सुईवर तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढायचा. नवशिक्याचे एका इंचात चार-पाच टाके आले तरी पुरे आहे. टाका बारीक असण्यापेक्षा सारखा असणे महत्त्वाचे, आणि तो पहिल्या दोन-तीन ओळींनंतरच सारखा येऊ लागतो, म्हणून पहिल्या ओळी उसवायच्या भानगडीत पडू नका. दोरा घट्ट ओढला की कापड चुणते. हाताला घाम येत असेल तर जवळ कोरडा रुमाल ठेवा.

सुरुवात मधून करावी की कडेने, यावर मते वेगळी आहेत. मधून बाहेर शिवत गेल्यास सैल कापड कडेला निघून जाते आणि मध्ये फुगा येत नाही, त्यामुळे पहिल्या गोधडीला हीच पद्धत सोपी. मात्र आपल्या शेजारी उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ आणि यल्लापूरच्या परिसरातील सिद्दी स्त्रिया नेमक्या उलट दिशेने शिवतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी जे निसटून त्या रानात गेले, त्यांचे हे वंशज मानले जातात. या स्त्रिया कडेपासून सुरुवात करून, तुकडे लावत लावत, चौकोनी फेऱ्यांनी मध्यापर्यंत येतात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घडीची लहान त्रिकोणी फुले लावतात. त्यांच्या दृष्टीने फुलांवाचून गोधडी पुरी होत नाही. ही पद्धत दुसऱ्या किंवा तिसऱ्या गोधडीला अवश्य करून पाहा. कच्चे टाके चांगले दाट असतील तरच ती साधते.

पावसाळ्यात दुपारचाही उजेड कमी असतो. खिडकीजवळ बसा, डाव्या खांद्यावरून उजेड येऊ द्या, आणि तासाभराने उठून मान-पाठ मोकळी करा. जमिनीवर बसून मान खाली घालून सलग तीन-चार तास शिवणे मी केले आहे, आणि त्याची किंमत नंतर पंधरा दिवस मोजली आहे.

११. कड आणि नाव

कडेला दोन-अडीच इंच रुंदीची पट्टी दुमडून लावा. कड सर्वांत आधी झिजते, म्हणून तिला दोन पदरी कापड घ्या. जरीचा काठ दिसायला सुंदर असतो, पण तो गळ्याजवळ टोचतो आणि काही धुण्यांतच त्याचे धागे निघू लागतात. तो हवाच असेल तर पायाकडच्या बाजूला लावा.

नावासाठी वेगळा सुती तुकडा घ्या, त्यावर आधी भरतकाम करा आणि मग तो गोधडीच्या मागच्या बाजूला शिवा. देवनागरी अक्षरे एक इंचापेक्षा लहान काढू नका, जोडाक्षरे गिचमिड होतात. आधी अक्षरे उलट्या टिपेने भरा आणि शिरोरेषा सर्वांत शेवटी एका सलग ओळीत ओढा, म्हणजे ती वाकडी होत नाही. नावाबरोबर वर्ष आणि कोणाकोणाचे कापड वापरले तेही लिहा. चाळीस वर्षांनी गोधडी हाती घेणाऱ्याला तो पिवळा तुकडा कोणाचा हे सांगायला आपण असूच असे नाही.

१२. पहिले धुणे आणि जपणूक

कच्चे टाके काढून टाकल्यावर गोधडी ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात पहिल्यांदा धुवा. गार पाणी, सौम्य साबण, आणि पिळण्याऐवजी दाबून पाणी काढणे. ओली गोधडी एका दोरीवर टांगली तर तिच्याच वजनाने टाके ताणतात, त्यामुळे दोन दोऱ्यांवर आडवी पसरा, नक्षीची बाजू खाली ठेवा आणि दुपारी एकदा उलटा.

ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नका. धुतलेल्या धोतरात किंवा चादरीत गुंडाळा, आत वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि चार लवंगा एका पुरचुंडीत घाला. पेटीत ठेवलेली गोधडी पावसाळ्यातही उघडीप मिळेल त्या दिवशी बाहेर काढून वाऱ्यावर टाका, आणि प्रत्येक वेळी घडी वेगळ्या रेषेवर घाला, नाहीतर त्याच घडीवर कापड विरते. अर्थात रोज वापरलेल्या गोधडीला यातले फारसे काही करावे लागत नाही.

उरलेले तुकडे, कडेच्या कापडाची दोन हात पट्टी आणि दोऱ्याची एक लडी लहान पिशवीत घालून गोधडीबरोबरच द्या, आणि दोऱ्याचा क्रमांक त्या पिशवीवर लिहा. सासूबाईंच्या गोधडीची कड तिसऱ्या वर्षी झिजली तेव्हा त्याच पिशवीतली पट्टी काढून आम्ही दोघींनी ती एका दुपारी बदलली.